भरल्या ताटावरचे विस्मरण

आज आश्विन वद्य अमावास्या, लक्ष्मीपूजन. प्रदोषकाळी घरोघर पाट मांडले जातील, तांदळाच्या राशीवर कलश बसेल, नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहिले जाईल, व्यापारी मंडळी नव्या वहीच्या पहिल्या पानावर स्वस्तिक रेखतील आणि लाह्या-बत्ताशांचा प्रसाद शेजारीपाजारी जाईल. वर्षभराच्या कष्टांचे फळ समोर मांडून त्याला हात जोडण्याची ही घटका. अशा घटकेला कीर्तनकाराने समुद्रमंथनाचे आख्यान लावावे, किंवा उद्याची प्रतिपदा जवळ आली म्हणून बळीराजाची कथा सांगावी, हा आमचा रिवाज. चाळीसएक वर्षे मी तेच करीत आलो. या वर्षी मात्र वाचकांची क्षमा मागून एक परका ग्रंथ उघडतो. यहुदी आणि ख्रिस्ती या दोन्ही समाजांना पूज्य असलेल्या बायबलमध्ये ‘अनुवाद’ नावाचे पाचवे पुस्तक आहे. त्याचा आठवा अध्याय. भरल्या घराला दिलेला इतका नेमका इशारा मला अन्यत्र क्वचितच आढळला.

परका म्हटले खरे, परंतु नारदाच्या गादीला ही कथा तितकीशी परकी नाही. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर, आजच्या रायगड जिल्ह्यात, शतकानुशतके राहिलेले बेने इस्रायल लोक म्हणजे आपले ‘शनिवार तेली’. तेलाचा घाणा चालवावा आणि शनिवारी तो बंद ठेवावा, म्हणून लोकांनी त्यांना दिलेले हे नाव. त्यांची मातृभाषा मराठी, आडनावे आपल्यासारखीच गावावरून पडलेली. या मंडळींनी इ. स. १८८० साली मुंबईत हिंदू हरिदासांच्या धर्तीवर आपलेही कीर्तन सुरू केले आणि आपल्या पूर्वजांची आख्याने मराठीत बांधून आमच्याच चालींवर गायिली. पुढे १९४८ साली इस्रायलचे राज्य स्थापन झाल्यावर त्यांतील बहुतेक तिकडे गेले. तेव्हा ज्या मोशेचे निरूपण मी आज करणार आहे, त्याची कथा मराठी कीर्तनात येऊन शंभरावर वर्षे लोटली आहेत. मी नवे काही करीत नाही.

प्रसंग असा. मिसर देशातील दास्यातून सुटलेले इस्राएल लोक चाळीस वर्षे रानोमाळ भटकून यार्देन नदीच्या पूर्वेला, मवाबाच्या मैदानात येऊन उतरले आहेत. नदीपलीकडे वचनदत्त देश दिसतो आहे. नेता मोशे एकशेवीस वर्षांचा झाला आहे आणि नदी ओलांडणे त्याच्या नशिबी नाही, हे त्याला ठाऊक आहे. समोर बसलेली पिढी बहुतांशी वाळवंटात जन्मलेली; पक्के घर कसे असते, हे तिला माहीत नाही. उद्या ही मुले श्रीमंत होणार. अशा वेळी म्हातारा काय सांगेल? आपल्याला वाटेल, शत्रूपासून जपा म्हणून सांगेल. तेही त्याने अन्यत्र सांगितले आहे. या अध्यायात मात्र तो आधी त्या देशाचे वैभव रंगवतो. ओढे आणि झरे, गहू आणि जव, द्राक्षे, अंजीर, डाळिंब, जैतुनाचे तेल, मध. दगडांत लोखंड आणि डोंगरांत तांबे. मग हळूच सूर बदलतो. तुम्ही पोटभर जेवाल, चांगली घरे बांधून त्यांत राहाल, गुरेमेंढरे वाढतील, सोनेरुपे वाढेल, जे जे आहे ते ते वाढेल. आणि तेव्हा तुमचे मन उंच होईल. तेव्हा तुम्ही विसराल की दास्यातून कोणी काढले, विखारी सापांच्या आणि विंचवांच्या रानातून कोणी चालविले, खडकातून पाणी कोणी दिले. आणि एके दिवशी मनातल्या मनात म्हणाल की हे सारे माझ्या बळाने, माझ्या हाताने मिळविले.

या निरूपणात दोन स्थळे थांबून पाहण्यासारखी आहेत.

पहिले, वक्त्याने घर बांधू नका, गुरे वाढवू नका, असे कोठेही म्हटलेले नाही. संपत्ती ही त्याच्या दृष्टीने वरदानच आहे. दुसरे, हाताने मिळविले हे खोटे, असेही तो म्हणत नाही. हात राबले आहेत, हे त्याला मान्य आहे. पुढच्याच वाक्यात तो एवढेच जोडतो की मिळविण्याचे ते बळसुद्धा दिलेले आहे. म्हणजे वाद हाताविषयी नाही. हातात आलेल्या बळाच्या उगमाविषयी आहे. शेतकऱ्याने नांगर धरला हे खरे, परंतु पाऊस, बी, बैलाच्या मानेतली ताकद आणि स्वतःच्या मनगटातली नस यांचा हिशेब कोणत्या वहीत धरायचा, असा तो प्रश्न आहे.

मूळ हिब्रूत ‘हृदय उंच होणे’ असा शब्दप्रयोग आहे. तो वाचताना संस्कृतज्ञाला ‘उत्सेक’ शब्द आठवल्यावाचून राहात नाही. सिच् म्हणजे शिंपणे, आणि उद् म्हणजे वर. भांड्यातले वर उसळून काठाबाहेर सांडणे तो उत्सेक, आणि गर्वालाही तोच शब्द. लक्ष्मी आली असता ज्याला उत्सेक होत नाही तो सत्पुरुष, असे भर्तृहरीने सज्जनांच्या लक्षणांत सांगितले आहे. दूध उतू जाण्यासाठी दूध वाईट असावे लागत नाही. चुलीजवळच्या माणसाचे लक्ष उडाले की पुरते. माझ्या मते मोशेचे म्हणणे नेमके हेच आहे.

आपल्याकडे याच प्रसंगाला जोड देणारे एक प्रसिद्ध स्थळ आहे. सातव्या शतकात बाणभट्टाने ‘कादंबरी’ लिहिली, तीत युवराज चंद्रापीडाला यौवराज्याभिषेकापूर्वी वृद्ध मंत्री शुकनास उपदेश करतो. तिथेही उद्या वैभव येणार आहे आणि आज एक वडीलधारा माणूस सावध करतो आहे. शुकनास मोठ्या रसाळपणे सांगतो की क्षीरसागरातून वर येताना लक्ष्मीने सोबत्यांचे गुण उचलले. चंद्रकोरीची वक्रता, उच्चैःश्रव्याचे चांचल्य, वारुणीचा मद, हालाहलाची मूर्च्छा आणणारी शक्ती, कौस्तुभाचे काठिण्य. पाठशाळेत हा उतारा शिकविताना मी आजवर अनेकदा रंगून गेलो आहे. परंतु वय वाढले तशी एक शंका मनात घर करून बसली. शुकनासाच्या उपदेशात सारा ठपका लक्ष्मीवर येतो. ती चंचल, ती वाकडी, ती मोहिनी. राजपुत्र बिचारा फसणारा! मोशे असा पळवाटेचा दरवाजा ठेवीत नाही. अंजिराचा दोष नाही, सोन्याचा दोष नाही. विसरलास तो तू. ज्या लक्ष्मीची आज आपण पूजा करणार, तिला उद्या चंचला म्हणून नावे ठेवावीत, यापेक्षा हा हिशेब मला अधिक सरळ वाटतो. बाणाची थोरवी यामुळे कमी होत नाही, हेही इथेच नमूद करतो.

मग विस्मरण होऊ नये म्हणून काय करावे? त्याच अध्यायात मोशे मागच्या चाळीस वर्षांकडे बोट दाखवितो. वाळवंटात लोकांना ‘मान्ना’ नावाचे अन्न रोज पहाटे जमिनीवर मिळे. प्रत्येकाने त्या दिवसापुरते वेचावे. ज्याने लोभाने उद्यासाठी ठेविले, त्याच्या भांड्यात सकाळी किडे पडून दुर्गंधी सुटली. केवळ शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट वेचण्याची मुभा होती. जास्त वेचणाऱ्याला जास्त उरले नाही आणि कमी वेचणाऱ्याला उणे पडले नाही. ही चाळीस वर्षांची शिकवणी होती, असे मोशे म्हणतो. मनुष्य केवळ भाकरीवर जगत नाही हे कळावे म्हणून. पुढे येशू ख्रिस्ताने रानातील उपवासानंतर मोहाला दिलेले उत्तर याच अध्यायातले होते, हे अनेक ख्रिस्ती वाचकांनाही चटकन आठवत नाही. परंतु उपाशीपोटी शिकलेला धडा भरल्या पोटी टिकतो का? मोशेला तशी खात्री नव्हती, म्हणून तर हे भाषण.

त्याची शंका किती रास्त होती, याचे उत्तर त्याच ग्रंथसमूहात शलमोन राजाच्या चरित्रात मिळते. ‘अनुवाद’च्या सतराव्या अध्यायात राजासाठी तीन मर्यादा घातल्या आहेत. त्याने फार घोडे ठेवू नयेत आणि त्यांसाठी लोकांना मिसरात परत धाडू नये, फार बायका करू नयेत, सोनेरुपे फार साठवू नये. आणि धर्मशास्त्राची एक प्रत स्वतःसाठी लिहून घेऊन ती आयुष्यभर वाचावी. कारण सांगितले आहे ते असे की, आपल्या भावांपेक्षा त्याचे मन उंच होऊ नये. आता शलमोन पाहा. राज्यारंभी स्वप्नात देवाने वर माग म्हटले, तेव्हा या तरुणाने धन किंवा शत्रूंचा नाश न मागता न्यायाची बुद्धी मागितली. प्रसन्न होऊन देवाने न मागितलेले धनही दिले. इतका सुंदर आरंभ क्वचितच कोणाला लाभला असेल. यरुशलेमचे मंदिर त्याने बांधले, त्याला सात वर्षे लागली. स्वतःचा वाडा बांधायला तेरा लागली. ग्रंथकार हे दोन आकडे लागोपाठ देतो, भाष्य करीत नाही. वर्षाला ६६६ किक्कार सोने येऊ लागले. राजधानीत चांदी दगडांसारखी झाली. १२ हजार स्वार झाले, आणि घोडे आले ते नेमके मिसरातून. राण्या ७०० आणि उपस्त्रिया ३००. तिन्ही मर्यादा एकामागून एक ओलांडल्या गेल्या, आणि तेही शहाणपणासाठी जगप्रसिद्ध असलेल्या माणसाकडून.

यहुदी पंडितांनी तल्मूदमध्ये यावर मार्मिक टीप केली आहे. शास्त्राने सहसा आज्ञेचे कारण सांगितलेले नसते. इथे बायका आणि घोडे यांबाबत कारण सांगितले, मन बहकेल म्हणून, मिसराची वाट पुन्हा धरली जाईल म्हणून. शहाण्याला वाटले, कारण मला कळले आहे, तेव्हा मी वस्तू बाळगीन आणि परिणाम टाळीन. तिथेच तो घसरला. विद्येचा गर्व धनाच्या गर्वापेक्षा कितीतरी चोरपावलांनी येतो. आम्हा शास्त्री मंडळींना हे दुसऱ्याने सांगावे लागू नये, पण लागते.

शलमोनाच्या पश्चात पुत्र रहबाम गादीवर आला. करांचे जू हलके करा म्हणून प्रजा शखेम येथे विनवायला जमली. वृद्ध मंत्र्यांनी सांगितले, गोड बोल. बरोबर वाढलेल्या तरुण मित्रांनी सांगितले, दरडाव. त्याने मित्रांचे ऐकले आणि बापापेक्षा आपण किती जबर आहोत, याची बढाई भर सभेत मारली. बारांपैकी दहा वंश त्या दिवशी राज्यातून निघून गेले. विद्वानांचे म्हणणे असे की ‘अनुवाद’ ग्रंथाला आजचे रूप पुष्कळ नंतर, योशीया राजाच्या काळाच्या आसपास आले असावे, इ. स. पू. ६२२ च्या सुमारास मंदिराच्या दुरुस्तीत शास्त्राचे एक पुस्तक सापडल्याची कथा त्यांच्या राजांच्या इतिहासात आहेच. तसे असेल तर हा इशारा पुढचे पाहून दिलेला आहे तितकाच मागचे सोसून लिहिलेला आहे. मला तर त्यामुळे तो अधिकच खरा वाटतो. समुद्रकाठच्या सोर नगरीचा राजा व्यापारातल्या चातुर्याने श्रीमंत झाला आणि श्रीमंतीने स्वतःला देव समजू लागला, हे यहेज्केल संदेष्ट्याने सांगितलेले दुसरे उदाहरण. परंतु परक्या राजाचा गर्व दाखविणे सोपे असते. स्वतःच्या सर्वांत थोर राजाची पडझड स्वतःच्या धर्मग्रंथात लिहून ठेवणे कठीण.

या लोकांची खरी थोरवी मला वाटते ती पुढच्या गोष्टीत आहे. उपदेश ऐकून माणूस डोलतो आणि घरी जाऊन विसरतो, हे ओळखून त्यांनी स्मरणाला आचारात बसविले. त्याच आठव्या अध्यायात जेवून तृप्त झाल्यावर देवाचे आभार मान, असे वचन आहे. त्यावरून यहुदी घरांत भोजनोत्तर प्रार्थनेचा नियम झाला. मुख्य आणि लांब प्रार्थना जेवणाच्या शेवटी. जेवणापूर्वीही लहानशी प्रार्थना असते, पण तिचे समर्थन पंडित असे करतात की तृप्त माणसाने आभार मानावेत, तर भुकेल्याने का मानू नयेत! युक्तिवादाची दिशा पाहा. भुकेल्याला देव आठवणारच. शास्त्राला काळजी आहे ती ढेकर दिलेल्याची. आपल्याकडे चित्राहुती आणि आपोशनाने भोजनाला आरंभ होतो, तसे शेवटी उत्तरापोशनही आहे, आणि अन्नदात्याला सुख चिंतून उठण्याची रीत आहे. आज किती ताटांवर पहिले उरले आहे आणि किती ताटांवर दुसरे, हे ज्याचे त्याने पाहावे.

दुसरा आचार मांडवांच्या सणाचा. हिब्रूत त्याला सुक्कोथ म्हणतात. तो त्यांच्या तिश्री महिन्याच्या पौर्णिमेला लागतो. अनेक वर्षी आपली कोजागरी आणि त्यांची ही पौर्णिमा एकच असते. कोकणातले बेने इस्रायल याच महिन्यात ‘नव्याचा सण’ आणि ‘खिरीचा सण’ करीत. नावे ऐकूनच आपल्या घरातली वाटावीत. तर या मांडवांच्या सणाला, खळी उरकून कोठारे भरली की, सात दिवस पक्के घर सोडून फांद्यापानांच्या छपराखाली राहायचे. छपरातून तारे दिसावेत, अशी रीत. लेवीय पुस्तकात कारण दिले आहे ते पूर्वज मांडवांत राहिले होते, हे पुढच्या पिढ्यांना कळावे एवढेच. बाराव्या शतकात फ्रान्समध्ये शमुवेल बेन मेयर नावाचे भाष्यकार झाले, त्यांनी हे कारण सरळ आपल्या आठव्या अध्यायाशी जोडून दिले. सण पिकाच्या आधी नाही, नंतरच का? तर धान्य घरात आल्यावरच माणसाच्या तोंडी येते की हे माझ्या हाताने मिळविले. म्हणून त्याच आठवड्यात त्याला घराबाहेर काढायचे.

हे भाष्य वाचले तेव्हा मला माझे स्वतःचे घर आठवले. लहानपणी मी आमच्या क्षेत्रातल्या पाठशाळेत वार लावून जेवीत शिकलो. सात दिवस, सात घरे. सोमवारचे घर एका विधवा बाईंचे होते. त्या स्वतः चार घरी स्वयंपाकाला जात. ज्वारीची भाकरी, ताक, कधी आमटी. पण शेवटची भाकरी वाढताना त्यांनी कधी हात आखडला नाही. पुढे शास्त्राध्ययन झाले, कीर्तनाला बरे दिवस आले, बिदागी वाढली, आणि मी दुमजली घर बांधले. वास्तुशांतीच्या दिवशी ओसरीवर प्रतिष्ठित मंडळी बसली होती, मी शाल पांघरून त्यांच्यात रमलो होतो. दाराशी एक वाकलेली म्हातारी नारळ घेऊन उभी राहिली. मी विचारले, आपण कोण? ती म्हणाली, “मी सोमवारची, शास्त्रीबुवा.” पूर्वी ती मला अरेतुरे करी. त्या ‘शास्त्रीबुवा’ने मला जे ऐकविले, ते आजवर कोणत्याही टीकाकाराने ऐकविलेले नाही. मी तिला पहिल्या पंक्तीला बसविले, पाया पडलो, लुगडे दिले. पण ओळखले नव्हते ते नव्हतेच. बाकी सहा घरांतले कोण कोण हयात आहे, हे त्या दिवसापर्यंत मी विचारलेही नव्हते.

तिसरा आचार प्रथमफळांचा. पहिले अंजीर, पहिला द्राक्षघड दिसला की शेतकऱ्याने त्याला गवताची काडी बांधून खूण करावी आणि पुढे टोपलीत घालून यरुशलेमला न्यावा. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना ग्रंथात या यात्रेचे वर्णन वाचताना आपल्याला दिंडीच आठवते. पुढे शिंगांना सोने मढविलेला बैल, त्याच्या डोक्यावर जैतुनाच्या पानांचा मुकुट, पावा वाजतो आहे, आणि नगरातले कारागीर कामे थांबवून उभे राहून गावोगावच्या लोकांचे स्वागत करीत आहेत. श्रीमंतांच्या टोपल्या सोन्यारुप्याच्या, गरिबांच्या सोललेल्या वाळुंजाच्या. परंतु मंदिराच्या टेकडीशी आल्यावर अग्रिप्पा राजासुद्धा आपली टोपली स्वतःच्या खांद्यावर घेई. नोकर चालत नसे. आणि टोपली खाली ठेवताना प्रत्येकाने मोठ्याने म्हणायचे असे: माझा पूर्वज भटक्या होता, मूठभर माणसांनिशी मिसरात गेला, तिथे आम्ही दास झालो, आम्हाला बाहेर काढले गेले, आणि आता दिलेल्या भूमीचे हे पहिले फळ मी आणले आहे. वर्षातल्या सर्वांत भरल्या दिवशी जमीनदाराने चारचौघांत आपल्या कुळाचे दारिद्र्य सांगायचे!

या पाठात एक अडचण उभी राहिली, ती मिश्नाने नोंदविली आहे. पाठ हिब्रूत होता. ज्यांना येई ते स्वतः म्हणत; ज्यांना येत नसे त्यांना पुरोहित एकेक शब्द सांगे आणि ते मागून म्हणत. तेव्हा न शिकलेल्या लोकांना लाज वाटू लागली आणि त्यांनी फळे आणणेच सोडले. म्हणजे गर्व उतरविण्यासाठी योजलेल्या विधीतच विद्येचा एक नवा गर्व शिरला आणि त्याने गरिबाला दारातून परतविले. यावर त्या पंडितांनी न शिकलेल्यांना शिकविण्याचा उपाय केला नाही. त्यांनी ठरविले की ज्याला येते त्यालाही पुरोहिताने सांगावे आणि त्यानेही मागून म्हणावे.

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाचे मंत्र आजवर मीच म्हणत आलो. दुसऱ्याची गरज ती काय? या वर्षी आमच्या आळीतील एका तरुण भिक्षुकाला बोलाविले आहे. नुकताच शिकून आला आहे, उच्चार अजून कोठे कोठे अडखळतात. तो सांगेल तसे मी मागून म्हणणार आहे. सोमवारच्या बाईंची नात गावातच असते. पहिला प्रसाद तिच्याकडे घेऊन जायचा आहे, आणि ताट मी स्वतःच नेणार आहे.